एक खून, पाच मजकूर

दहावीच्या मराठीत 'उपयोजित लेखन' असतं. बातमी, पत्र, सारांश, जाहिरात... मुलं नमुने पाठ करतात आणि पेपरात ओततात. मला वाटतं, यातलं बरंचसं एका खुनाच्या गोष्टीवरून शिकवता येईल.

परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवा. १९७२ ते १९७४ दरम्यान तिथे लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी नरबळी दिले, असा आरोप होता. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी केला. पुढे त्यावर 'आक्रीत' (१९८१) हा सिनेमा आला आणि २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेबसिरीज.

आता बघा. पंचनाम्यात जे दिसलं तेवढंच लिहायचं; 'बहुतेक', 'वाटतं' बंद. जबाबात साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं. बातमीत 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' गाळलं, की आरोपी छापतानाच खुनी होतो. निकालपत्रात प्रत्येक निष्कर्षाला पुरावा हवा. कथेत मात्र थेट खुन्याच्या मनात शिरता येतं.

हा फरक मार्कांपुरता नाही. सूत्रधार म्हणून ज्यांची नावं गाजली, ते दोघं शेवटी कोर्टातून निर्दोष सुटले. गोष्टीला असा शेवट पचत नाही; निकालपत्राला पचवावाच लागतो.

अर्थात वर्गात मानवत नको, तिथे गेलेल्या मुली खऱ्या होत्या. एखादा काल्पनिक खून घ्या. पाच गट, पाच मजकूर. मग प्रत्येक वाक्यावर दुसऱ्या गटाने एकच प्रश्न विचारायचा: "हे तुला कसं कळलं?"

आपल्या बग रिपोर्टांनाही तो विचारून बघा.