यंत्रातील साक्षी

सांख्यांचा पुरुष केवळ पाहतो, करीत काहीच नाही. म्हणून पाहण्याचा लेप त्यास लागत नाही. व्यवहारात मात्र असा निर्लेप साक्षी आम्हांस आजवर आढळला नाही. वर्गावर तपासनीस आले की चालता पाठ अडखळे, हे आम्ही शिक्षकीच्या काळात पुष्कळ पाहिले. संगणकाच्या धंद्यात असलेल्या आमच्या चिरंजीवांकडून अलीकडे एक हकीकत ऐकली. तीत हेच मर्म अधिक स्पष्ट झाले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. यंत्राचा वेळ कोणत्या कामी खर्च होतो, हे मोजणारा एक विभाग त्यात आहे. ठरावीक मोजणी भरली की तो प्रोसेसरास हाक देतो, आणि ही हाक हातचे काम टाकून ऐकावीच लागते. एक हाक आत असता दुसरी दाराशी थांबते; पहिलीने परतल्याची खूण केली म्हणजेच ती आत येते, अशी इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरांत योजना आहे.

घोटाळा असा की, स्मृतीतले हवे ते पान जागेवर नसले, तर ती मधली अडचण निवारून परतण्याची खूणही तीच! ती होताच दुसरी हाक आत शिरे. दोघींची टिपणाची जागा एकच. त्यामुळे पहिलीने लिहिलेला परतीचा पत्ता पुसला जाई, तिला माघारी जाण्यास वाट उरत नसे, आणि सबंध यंत्र कोसळण्याची पाळी येई.

२०१२ साली लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत यावर उपाय योजला गेला. पहिलीने आपल्या पत्त्याची नक्कल आधीच निराळी ठेवावी. दुसरीने आत कोणी आहेसे पाहून केवळ निरोप ठेवून मागे फिरावे. आणि पहिलीने आपले काम आटोपताच तो निरोप पाहून पुन्हा एक फेरी करावी. २०१५ साली या उपायातही छिद्रे आढळली. तीही बुजविण्यात आली.

एकत्र कुटुंबात आम्हां वडील मंडळींचे काम बहुधा पाहण्याचेच. सूनबाई हिशेबात गुंतली असता एकाने हाक मारावी, तिला उत्तर पुरे करू न देता दुसऱ्याने मारावी, आणि आकडा चुकला की तिच्या धांदरटपणास बोल लावावा, ही रीत घरोघर आहे. त्या कारागिरांनी दोष काम करणाऱ्यात न शोधता पाहणाऱ्याच्या रीतीत शोधला, हे आम्हांस विशेष वाटते. आत कोणी गुंतले आहेसे दिसल्यास निरोप ठेवून मागे फिरणे यंत्रास शिकविता आले. घरातील वडिलांस ते जड का जावे?