उलटे आटे

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटर गेले की सावनेर लागते. मराठी माणसाने या गावाचे नाव ऐकलेले असते ते बहुधा एका दुःखद कारणाने. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच वारले. आमच्या घराण्याचा सावनेरशी संबंध मात्र साहित्याचा नव्हे, संत्र्यांचा! लहानपणी आम्ही अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या आगगाडीने तेथे जात असू. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि पुढे मोठे रूळ आले. रूळ बदलले की जुनी चाके कितीही चांगली असली तरी उपयोगाची राहत नाहीत, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नव्हती. गेल्या दिवाळीच्या आधी काकांच्या गाडीपायी ती शिरली.

काकांकडे विलीज कंपनीची पिकप आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ही पिकप १९४७ पासून १९६५ पर्यंत तयार होत असे. तोंड जीपचे, पाठ मालगाडीची आणि आवाज दोघींचा मिळून! बागेतली संत्री तिने वाहिली, वऱ्हाडे वाहिली आणि आजोबांना शेवटचे दवाखान्यात नेले तेही तिनेच. सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा मान दिला, असे मी काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अन् माणसाले कधी देतेत?”

मला पुण्याहून बोलावले होते चुलतभावाने, आणि तेही काकांचे मन वळवण्यासाठी. पिकपच्या मागच्या एका चाकाला बोल्टाच्या भोकापाशी तडा गेला होता. दुसऱ्याची भोके झिजून लांबट झाली होती. अशा चाकांवर एक्याऐंशी वर्षांचा हा गृहस्थ रोज बागेत जात होता. “तू समजाव, नाहीतर दिवाळी झाली की मी भंगारवाल्याला बोलावतो,” असे भावाने निक्षून सांगितले होते.

मी विषय काढताच काका म्हणाले, “तुले कायले बोलावलं ते मले समजते. आधी चाक काढ, मंग बोल.”

मी पाना लावला, जोर केला, शेवटी पान्यावर उभा राहिलो. कडकन आवाज झाला आणि बोल्ट तुटून हातात आला. काका पोट धरून हसले. “पुण्यात सारे आटे सुलटेच असतेत काय रे?” या गाडीच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही युक्ती. मी सोडवायला गेलो होतो तो नट खरे म्हणजे आवळत होतो!

चाक घेऊन आम्ही बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तड्यावरून बोट फिरवले. “वेल्डिंग मारून देईन, पैसेही भेटतील मले. पण यात बुढा माणूस बसते. हे काम मी नाही करत.” एवढे बोलून त्याने चाकाचे माप घेतले. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत ८२ मिलिमीटर. म्हणजे पाची बोल्टांमधून जाणारे वर्तुळ साडेपाच इंचांचे. “हे माप खिशात ठेवा, अन् रंग पाहू नका,” तो म्हणाला.

पण मी रंगच पाहिला. नागपूरच्या भंगार बाजारातून काळे कुळकुळीत चाक आणले. मिस्त्रीने रंग खरवडला, तर खाली तसाच तडा! मग मारुती जिप्सीचे चाक मिळाले. ते पाची बोल्टांवर अचूक बसले, पण ते १५ इंची आणि आमचे १६. ही गाडी चारही चाकांनी ओढणारी. पुढची-मागची चाके लहानमोठी झाली तर सारा ताण गिअरांवर येतो. पुढे जुन्या जीपची दोन चाके मिळाली. १६ इंची, भोके बरोबर, तडा नाही. पण जीपचा टायर ६.००चा आणि पिकपचा ७.००चा. त्या रुंद टायरला जीपची साडेचार इंची रिम अरुंद पडत होती.

आता भावाचेच म्हणणे खरे होणार, असे वाटू लागले. तेवढ्यात मिस्त्रीला आठवण झाली. केळवदच्या बाजूला एका बागवानाची टायरगाडी होती, ती कोणा पिकपच्या मागच्या आसावर बांधलेली. आम्ही गेलो. आंब्या बहाराचा तोडा चालू होता आणि गाडी संत्र्यांनी भरली होती. मी माप लावले. ८२ मिलिमीटर! पण बागवान म्हणाला, “दिवाळीच्या तोंडावर गाडी उभी ठेवली, तर माल झाडाखालीच सडन.”

तेव्हा भाऊच पुढे झाला. ज्याला पिकप भंगारात द्यायची होती, तोच म्हणाला, “जीपची दोन्ही चाके तुम्ही घ्या, नवे टायर मी घालून देतो. बैल दुपारी सोडाल तेवढ्यात बदलू.” बैलांच्या चालीला जीपचे चाक पुरेसे होते आणि आस तोच असल्यामुळे भोके जुळत होती. बैलांनी वैरण संपवायच्या आत अदलाबदल झाली. जोखलेल्या त्या दोन्ही चाकांत मिस्त्रीला एकही तडा सापडला नाही.

वसुबारसेला चाके चढली. तुटलेला बोल्टही मिस्त्रीने नवा घातला. डाव्या चाकाशी काकांनी पाना भावाच्या हाती दिला. “उलटा फिरव. घाई नको करू.” भावाने पाची नट आवळले. मग काका गाडीला वळसा घालून गेले आणि ज्या बाजूला ते आयुष्यात कधी बसले नव्हते, त्या बाजूचे दार उघडून आत बसले.

“चाल,” ते भावाला म्हणाले, “बागेत जाऊन येऊ.”

मी मागे टपात बसलो. ज्या कामासाठी मला बोलावले होते, त्यातले अक्षरही मी बोललो नव्हतो.