लाल आकड्यांचा मिस्त्री

संगणक सुरू होऊन पडद्यावर चित्र येतं न येतं, तोच हा मिस्त्री प्रोग्रॅम उजव्या कोपऱ्यातून वर सरकतो. छातीवर ढालीचं चिन्ह आणि नाव वजनदार: कुठे ‘क्लीनर’, कुठे ‘बूस्टर’, कुठे ‘ऑप्टिमायझर’. कुणी बोलावलेलं नसतं, तरी तपासणी स्वतःच सुरू करतो. पट्टी भराभर पुढे धावते आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागतो: हजारावर दोष, त्यातले निम्मे ‘गंभीर’. मार्कंड्यासारख्या गावातल्या सेवा केंद्रात तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले आजोबा बसलेले असतात, पोलीसभरतीचा फॉर्म भरायला आलेली मुलगी उभी असते. ‘होते का जी काम आज?’ असं कुणीतरी विचारतं, आणि समोर इंग्रजीतली लाल अक्षरं उघडमीट करत असतात. त्या क्षणी चालकाच्या पोटात जो गोळा येतो, त्यावरच याचा सगळा धंदा चालतो.

वैनगंगेकाठच्या या गावाला संगणक दुरुस्त करणारा माणूस हवा असेल तर चामोर्शी गाठायची, नाहीतर थेट गडचिरोली. म्हणून बोटांचे ठसे घेणारं यंत्र चालेना, प्रिंटर कागद ओढून गप्प बसला, कृतीदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये करायचा झाला, की चालक गूगलवर ‘फ्री डाउनलोड’ शोधतो. सगळ्यात वरचा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो. तिथलं मोठं हिरवं बटण दाबून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलं की हवा तो ड्रायव्हर मिळेलच असं नाही. हा मात्र आधीच खूण करून ठेवलेल्या एखाद्या चौकटीतून आत शिरतो.

तो मोजतो तरी काय? ब्राउझरच्या कुकीज, तात्पुरत्या फाइली, रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी. एकेक कुकी म्हणजे एकेक दोष. कोऱ्या यंत्रावर नुकतंच विंडोज टाकलेलं असलं तरी त्याला दोष सापडतातच. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं आहे. उलट रजिस्ट्रीतली भलतीच नोंद उडाली तर विंडोज सुरूच होईनासं होऊ शकतं. जत्रेतला भोंदू आधी साडेसाती सांगतो आणि मग ताईत काढतो, तीच याची रीत. तपासणी फुकट, दुरुस्तीला पैसे, आणि ‘सवलत संपायला दहा मिनिटं’ असं उलटं चालणारं घड्याळ.

याचं घराणं जुनं आहे. विनफिक्सर, एररसेफ, ड्राइव्हक्लीनर अशी नावं बदलत त्याने जगभर दहा लाखांहून जास्त लोकांना फसवलं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यामागच्या मंडळींना कोर्टात खेचलं, आणि २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीची गोष्ट तर मला जास्त लागते. तिथे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी होती. यंत्र मंद आहे का, जाहिराती येतात का, असे प्रश्न असलेल्या चौकटी असायच्या. त्यातल्या एकीवर जरी खूण केली, तरी यंत्रात मालवेअरची लक्षणं आहेत हा निकाल ठरलेला. तपासणी हा नुसता देखावा होता. २०१९ मध्ये ती दुकानसाखळी आणि तिला ते साधन पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांना असल्याच प्रकरणात २ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले.

मला चीड येते ती याची, की तक्रार खरी असते आणि कारण खोटं. सेवा केंद्रातला संगणक मंद असतोच. चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, पंख्यात धूळ, वर-खाली होणारी वीज. तिथे खरा फरक पडतो तो एसएसडीने आणि धूळ झटकल्याने. एकेका दाखल्यामागे थोडेथोडके रुपये सुटणाऱ्या पोराकडून हा हजार-दीड हजार उपटतो, आणि यंत्र होतं तिथेच राहतं.

हाकलताना तो सहज जात नाही. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीला तारखेचा क्रम लावला, की त्याच्याबरोबर त्याच दिवशी आत आलेले सोबतीही दिसतात. अनइन्स्टॉल म्हटलं की हा गयावया करतो, ‘यंत्र धोक्यात येईल’ म्हणतो, आणि ‘राहू द्या’चं बटण मोठं, ‘काढा’चं फिकट ठेवतो. फिकटच दाबायचं. मग टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर बघायचं, कारण तिथे तो स्वतःला परत बोलावण्याची सोय करून ठेवतो. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेंशन काढायची, आणि नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही पाहायचं. कित्येकदा कोपऱ्यातली लाल सूचना कुठल्याशा संकेतस्थळाचीच असते, यंत्रात काहीच नसतं. शेवटी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी. असं घाबरवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमना १ मार्च २०१८ पासून डिफेंडर नको असलेले प्रोग्रॅम मानतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर, २०१७ पासून, पुण्याच्या क्विक हीलचं बॉट काढायचं साधनही फुकट मिळतं.

त्याने पडद्यावर दिलेल्या ‘मदती’च्या नंबरावर फोन झाला असेल, तर मात्र काम एवढ्यावर भागत नाही. त्या नंबरामागचे आवाज आपल्याच देशातूनही बोलतात: ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्याही तक्रारी असलेल्या ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये सीबीआयने ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या होत्या. हे आवाज एनीडेस्कसारखं, दुरून यंत्र चालवायचं साधन टाकायला लावतात. ते आधी काढायचं, आणि बँकेचे व पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायचे. काही आठवड्यांनी तोच आवाज गोड होऊन परत येऊ शकतो, ‘तुमचे पैसे परत देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणतो. तेव्हा फोन ठेवायचा, आणि पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावायचा.