घर्षण नगण्य माना

तीस वर्षं मी फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो : घर्षण नगण्य माना. उतरत्या पृष्ठभागावर ठोकळा ठेवा, दोरी बांधा, कप्पीवरून पलीकडं वजन सोडा, घर्षण नगण्य माना आणि त्वरण काढा. सांगलीच्या कॉलेजातल्या पोरांनी ते निमूट मानलं. सर, असं घर्षण नसलेलं गाव असतं तरी कुठं, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ते गाव मला सापडलं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यात ते आहे आणि तिथं माझी लेक राहते.

बर्लिंग्टन शहराच्या पूर्वेला, डोंगर सुरू होतात तिथं तिचं घर. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत एक चढ आहे, तोही कच्चा. (अमेरिका म्हणजे सगळीकडं सहापदरी डांबर अशी माझी समजूत होती. या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत.) जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही बाजार करून परतलो, तेव्हा चढावर चांगला वीतभर बर्फ साचला होता. पायथ्याशी कुणाची तरी छोटी गाडी पुढची चाकं गरगर फिरवत जागच्या जागी उभी होती. आमची गाडी तिच्या शेजारून शेळीसारखी टकाटका वर गेली. लेक म्हणाली, "बघितलंत बाबा? ऑल-व्हील ड्राइव्ह!" मीही मान डोलावली. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते म्हटल्यावर आणखी काय हवं?

दुसऱ्या सकाळी तोच चढ उतार झाला होता. खाली चौकात थांबण्याची लाल पाटी. लेकीनं बऱ्याच आधी ब्रेक दाबला. पायाखाली खडखड झाली, वेग नावाला कमी झाला, आणि गाडी एखाद्या लग्नातल्या मानकऱ्यासारखी, कुणाचंही न ऐकता, पाटी ओलांडून चौक पार करून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. चौकात दुसरी गाडी नव्हती. कुणाला काही लागलं नाही. माझा उजवा पाय मात्र पुढच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होता, तो तसाच आखडून राहिला. थोड्या वेळानं लेक म्हणाली, "काल चढली होती हो बाबा." मी त्यामागचं कारण सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आत्ता नको."

तेव्हा राहिलं ते इथं सांगतो. मास्तरला कुठं तरी सांगावंच लागतं.

गाडी केवढीही असो, तिचा एक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढाच टेकतो. म्हणजे दीड टनाचं धूड चार तळहातांवर चाललेलं असतं. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.७ धरा, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२, आणि ज्याचा पापुद्रा दिसतही नाही अशा काळ्या बर्फावर ०.१. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर पहिल्या रस्त्यावर १४ मीटरमध्ये थांबते, दुसऱ्यावर जवळजवळ ५० मीटर घेते आणि तिसऱ्यावर १००. या सूत्रात वस्तुमान येतच नाही, ते दोन्हीकडून कटतं, म्हणून जड गाडी लवकर थांबेल ही आशा फोल. इंजिन किती चाकं फिरवतं हेही सूत्रात कुठं येत नाही. ब्रेक तर सगळ्यात स्वस्त गाडीलासुद्धा चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत सगळ्या गाड्या पहिल्यापासूनच ऑल-व्हील आहेत.

फरक पडतो तो निघताना. फक्त पुढची चाकं ओढत असतील तर गाडीच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण वजनाची पकड कामाला येते. चारही ओढली तर सगळ्या वजनाची. ०.२च्या बर्फावर पुढच्या चाकांची गाडी शंभराला दहा-अकरा मीटर चढापाशी हात टेकते. चारही चाकांची गाडी हिशेबानं शंभराला वीसपर्यंत चढेल. आता लेकीचा तो रस्ता शंभराला बाराचा धरू. तो चढताना आमच्या गाडीला काही वाटलंच नाही. पण उतरताना ०.२मधले ०.१२ उतारच खाऊन टाकतो आणि ब्रेकच्या वाट्याला उरतात ०.०८. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरला जी गाडी १८ मीटरमध्ये थांबली असती, तिला तिथं ४४ लागतात. पायथ्याशी चाकं फिरवत उभी राहिलेली ती छोटी गाडी खरं तर आपल्या मालकाला बजावत होती, की आज या रस्त्यात दम नाही. आमच्या गाडीनं तो निरोप पोचूच दिला नाही.

वळणाचंही तेच. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. त्यातूनच किराणा, त्यातूनच दवाखाना. वळायला जेवढी वापराल तेवढी ब्रेकला कमी पडणार. उन्हाळ्यात पगार मोठा असतो म्हणून कुणी हिशेब ठेवत नाही.

ओढणाऱ्या चाकांचा प्रश्न मला खरं तर आमच्या रानात आधीच भेटला होता. मिरज तालुक्यात धाकट्या भावाची काळी जमीन आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की मागचं एक चाक भिंगरीसारखं फिरतं, चिखल उडवतं, आणि दुसरं ढिम्म उभं असतं. दोष डिफरन्शियलचा, आणि दोष तरी कसा म्हणायचा? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून त्यातल्या दातेरी चाकांनी दोघांना वेगवेगळं फिरायची मुभा दिलेली असते. पण दोघांना जोर मात्र सारखाच देतात. निसरड्यावरच्या चाकाला जेवढा कमी जोर पेलतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. भाऊ टाचेनं लॉकचा पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर कण्हत बाहेर येतो. आजकालच्या ऑल-व्हील गाड्यांत हे काम संगणक करतो. कुठलं चाक उगाच फिरतंय ते ओळखून त्यालाच चिमटीएवढा ब्रेक लावतो, पुढच्या-मागच्या चाकांमधला क्लच आवळतो. ड्रायव्हरला फक्त डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकताना दिसतो. टाचेला काही कळत नाही.

व्हरमाँटच्या कुठल्याही दुकानासमोर उभं राहिलं की सुबारू गाड्या मोजता मोजता कंटाळा येतो. ही जपानी कंपनी या वाटेला लागली ती एका वीज कंपनीमुळं. उत्तर जपानातल्या तोहोकु प्रदेशात डोंगरांवर प्रचंड बर्फ पडतो. तिथल्या वीज कंपनीच्या वायरमनना हिवाळ्यात लाइन तपासायला जीप घेऊन जावं लागायचं, आणि जीप म्हणजे हाडं खिळखिळी करणारी, थंडगार. त्यांना चारही चाकं ओढणारी, पण साध्या मोटारीसारखी ऊबदार गाडी हवी होती. सुबारूनं आपल्या एका व्हॅनला मागची चाकंही जोडून दिली, आणि १९७२मध्ये लिओनी नावाची तशी गाडी बाजारातच आणली. वादळात खांबावर चढणाऱ्या आपल्या वायरमनला कुणी साधे बूट विचारून दिले असतील का, हा प्रश्न इथं विषयांतर होईल, पण मनात आला खरा. आणि सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका! त्या गाडीच्या नाकावर सहा तारे असतात. आपल्याकडं कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता. तिथं सहा माता आणि चार चाकं. उणे वीसच्या एका रात्री अंगणात उभं राहून मी वर खऱ्या कृत्तिका शोधल्या. सापडल्या. नाक बधिर झालं म्हणून आत आलो.

युरोपात हाच विचार ऑडीनं केला. १९७७च्या हिवाळ्यात फिनलंडमधल्या चाचण्यांत कमी ताकदीची एक लष्करी जीप बर्फावर भारी मोटारींना मागं टाकू लागली, त्यातून १९८०ची क्वाट्रो आली. पुढं १९८६मध्ये त्यांनी जाहिरातीसाठी फिनलंडमधल्या स्की-उडीच्या उभ्या घसरगुंडीवर एक गाडी खालून वर चढवली. ती फिल्म मी लेकीच्या टीव्हीवर तीनदा पाहिली. चित्तथरारक आहे. फक्त या जाहिरातवाल्यांनी कधी तरी गाडी थांबवूनही दाखवावी. ते बघायला कुणी बसणार नाही, हे मला मान्य आहे.

ढिगात रुतलेली आमची गाडी काढायला शेजारचे आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी गाईंचा गोठा सांभाळला. आता गोठा रिकामा आहे, ट्रॅक्टर तेवढा राहिला. त्यांनी गाडीकडं पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसून टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि मान हलवली. टायर गुळगुळीत झाले होते, आणि तेही बारमाही जातीचे. सात अंश सेल्सिअसच्या खाली साधं रबर कडक होत जातं, जसं पौषात बाटलीतलं खोबरेल थिजतं. हिवाळी टायरचं रबर गोठणबिंदूच्या खालीही मऊ राहतं आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक चिरा असतात. त्या खाचांत बर्फ भरून बसतो, आणि तो बसायलाच हवा, कारण बर्फावर रबर धरत नाही तेवढा बर्फावर बर्फ धरतो. १९३४मध्ये फिनलंडमध्ये असा पहिला टायर निघाला. ती कंपनी आज नोकियन म्हणून ओळखली जाते. नोकिया हे तिथल्या गावाचं नाव. आपल्या जुन्या मोबाइलचं आजोळही तेच.

आजोबांची स्वतःची गाडी छोटी, जुनी, पुढच्या दोन चाकांवर ओढणारी. पण नोव्हेंबरात चारही टायर बदललेले. ती बैलगाडीच्या चालीनं जाते आणि पाटीपाशी थांबते. तिथून तासा-दीड तासावर कॅनडाची हद्द, आणि पलीकडं क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच घालावे लागतात. अलीकडं ज्याची त्याची मर्जी. बर्फ मात्र दोन्हीकडं तोच पडतो.

बर्फावर बर्फ का धरतो हे समजून घ्यायचं तर जवळच्या जेरिको गावात जावं. विल्सन बेंटली नावाच्या तिथल्या शेतकऱ्यानं १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. तेव्हा तो विशीतही नव्हता. पुढं आयुष्यभर त्यानं पाच हजारांहून जास्त कण टिपले. षट्कोनी, फांद्याफांद्यांचे, एकमेकांत अडकायला आसुसलेले. डिसेंबर १९३१मध्ये बर्फाच्या वादळातून तो काही मैल चालत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेला.

त्याच्या तरुणपणी या भागात रस्त्यावरचा बर्फ कुणी काढतच नसे. घोडे जोडलेल्या लाकडी रुळानं तो दाबून घट्ट करत, कारण हिवाळ्यात गाड्यांची चाकं काढून स्लेज चालायच्या. छप्पर असलेले जुने लाकडी पूल इथं अजून शंभराच्या आसपास उभे आहेत. छपरामुळं पुलावर बर्फ पडायचा नाही आणि स्लेज अडायची, म्हणून माणसं लावून फावड्यानं बर्फ आत आणून पसरत! पुलावर बर्फ टाकण्याची मजुरी मिळायची. हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली. नंतर वाचनालयात खात्री करून घेतली.

हे सगळं परदेशी कौतुक म्हणून सोडून देता आलं असतं, पण डिसेंबर आला की पुण्याचा भाचा मनालीला निघतो. ९ किलोमीटरचा अटल बोगदा २०२०मध्ये खुला झाल्यापासून लाहौलचा बर्फ हाताशी आलाय. बर्फ पडला की पोलीस पुढं फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात. भाच्याची गाडी थार. नाशिकला बनलेली म्हणून त्याला तिचा घरचा अभिमान. तिची गोष्ट जरा वेगळी : लिव्हर ओढला की पुढचा-मागचा आस एकमेकांना जखडले जातात, म्हणून कोरड्या रस्त्यावर वळणात तो ओढायचा नसतो. लेकीच्या गाडीत क्लच ही तडजोड सतत आपणच करतो. पण मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावरून गाड्या पाट्यावरल्या साबणासारख्या निवांत घसरत येतात, ते व्हिडिओ दर वर्षी फोनवर येतात, आणि त्यांत लिव्हरवाल्याही असतात. भाच्याला मी आकडेमोड लिहून पाठवली. त्यानं अंगठा पाठवला.

मार्चअखेर व्हरमाँटमध्ये पाचवा ऋतू येतो, चिखलाचा. वरची माती वितळते, खाली हात-दोन हात अजून गोठलेलं असतं, पाण्याला मुरायला वाट मिळत नाही आणि कच्चा रस्ता लापशी होतो. बर्फासाठी माझ्या भाषेत दोन-तीनच शब्द, पण इथं मी घरी आल्यासारखा झालो. परतीच्या आधीच्या आठवड्यात कुणाची तरी उंच नवी एसयूव्ही त्याच चढावर आसापर्यंत रुतली. चारही चाकं मन लावून फिरत होती, दर मिनिटाला बोटभर खाली जात होती. आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी बांधली, आणि मला वर बसायची खूण केली. टाचेपाशी पेडल होता, आमच्या ट्रॅक्टरला असतो तिथंच. दाबला. गाडी पच्चकन सुटली.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, याला तुमच्याकडं काय म्हणतात? मी सांगितलं : चिखल, राड, रेंदा. 'चिखल' त्यांना जमेना. 'राड' जमलं. बुटाचा तळवा फळीवर खरडत ते दोन-तीनदा म्हणाले, राड, राड.