एका वेळीं एकच फळ

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाचें उष्टावण झालें. ६ महिने पुरते भरले होते. मान सांवरून तो आधारानें बसूं लागला होता, आणि आमच्या ताटाकडे असा टक लावून पाही कीं आपला घांस आपल्याच तोंडीं जड व्हावा. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटींतील खीर सोन्याच्या अंगठीनें चाटविली. येथवर सर्व यथासांग झालें.

सूनबाईनें आदल्या दिवशीं मला एवढेंच विनविलें होतें, "आई, उद्यां खिरीखेरीज दुसरें नवें कांहीं नको. एकेक जिन्नस देऊन तीन-चार दिवस वाट पाहूं." मीं मान डोलावली, पण मनांत हंसलें. १९९० च्या सुमारास माझ्या मुलांना मीं चवथ्या महिन्यापासूनच फळें चाटविलीं होतीं. तेव्हां सल्लाच तसा असे. पहिले ६ महिने केवळ आईचें दूध, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें तें २००१ सालीं. दोन मुलें वाढविलेल्या बाईला आतां शिकविणार कोण, असा माझा ताठा!

दुपारीं घर पाहुण्यांनीं भरलेलें. कोणी केळ्याचा गर बोटानें चाटविला, कोणी चिकू कुसकरून भरविला. देवगडच्या हापूसची पेटी नुकतीच फोडलेली. मीं स्वतः सालीसकट एक फोड त्याच्या मुठींत दिली. हनुवटीवरून रस ओघळला तेव्हां सारे कौतुकानें हंसले. दारांत उभी असलेली सूनबाई मात्र हंसली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों त्याच्या ओठांभोवतीं लालभडक पुरळ! डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न आला, "काल नवें काय दिलें?" मी बोटें मोडूं लागलें : खीर, केळें, चिकू, आंबा. चवथें बोट मिटतांना माझें मलाच उमगलें कीं चोर ओळखण्याची वाट मींच बुजवून टाकली आहे. बाईंनीं श्वास तपासला. ओठ सुजले आहेत काय, उलटी झाली काय, तें विचारलें. तसें कांहीं नव्हतें. "बहुधा आंब्याच्या सालींतील चीक बाधला असावा," त्या म्हणाल्या, "पण चार जिनसा एकदम दिल्यावर खात्रीनें कसें सांगूं?"

पुरळ मावळल्यावर त्यांच्या सल्ल्यानें पुन्हां श्रीगणेशा केला, या वेळीं सूनबाईच्या पद्धतीनें. नवें फळ सकाळींच द्यावयाचें, म्हणजे कांहीं झाल्यास दवाखाना उघडा असतो. मूल सरळ बसवून एक-दोन चमचेच द्यावयाचे, आणि पुढें ३ दिवस दुसरें नवें कांहीं नाहीं. प्रथम कुसकरलेलें केळें. मग पूर्ण पिकलेला, बिया नि साल काढलेला चिकू. नंतर वाफवून मऊ केलेलें सफरचंद. कच्च्या सफरचंदाची फोड किंवा अखंड द्राक्ष घशांत अडकून प्राणावर बेतूं शकतें, म्हणून तीं वर्ज्य. फळ आंबट लागलें तरी साखर नाहीं. आणि मध तर वर्ष पुरें होईपर्यंत बोटभरही नाहीं. अंगावर गांधी उठल्या, ओठ वा डोळे सुजले, उलट्या थांबेनात किंवा छातींत घरघर झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावयाचें, हेंही ठरवून ठेविलें.

आंब्याची पाळी सर्वांत शेवटीं आली. मीं देंठ कापून चीक निथळूं दिला, फळ धुतलें, साल काढली, पुन्हां हात नि सुरी धुतली आणि मगच गर वाटींत काढला. दोन चमचे होतांच ओल्या फडक्यानें त्याचें तोंड टिपलें. तीन दिवस मी त्याच्या ओठांकडे पाहत होतें. पुरळ उठलें नाहीं.

आंबा निर्दोष ठरला; दोष माझ्या घाईचा होता. तें मीं सूनबाईला सांगितलें : "तुझें खरें होतें. मीं ऐकावयास हवें होतें." ती कांहीं बोलली नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं मात्र वाटी-चमचा माझ्या हातीं देऊन म्हणाली, "आई, आज तुम्हीच भरवा."