उजनीच्या काठाने सायकलवर : थोड्या पैशांत काय बदलावे, काय राहू द्यावे

पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूर मागे पडले की भीमेवरचा पूल येतो आणि डाव्या हाताला उजनी धरणाची भिंत दिसते. गाडीतले प्रवासी मान वळवून बघतात, तोवर टेंभुर्णी येते. धरण पाहून झाले असे त्यांना वाटते. पण उजनी समजून घ्यायची तर भिंतीकडे पाठ करून पाण्याच्या काठाकाठाने वर जावे लागते.

हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचे नाव यशवंतसागर. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी आहे आणि त्यातले जवळजवळ 63 टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडते. त्यामुळे कडक उन्हाळ्यात इथला माणूस ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतो, तेव्हाही समोर भरपूर पाणी दिसत असते. पाणी आणखी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, कुगावकडे इनामदारांच्या वाड्याच्या भिंती उघड्या पडतात. ज्यांची घरे या पाण्याखाली गेली ती गावे वर सरकून पुन्हा वसली. म्हणून करमाळा तालुक्यात गावांच्या नावांपुढे नंबर लागलेले दिसतात. वांगी नंबर 1, वांगी नंबर 2, केत्तूर नंबर 1, केत्तूर नंबर 2. नवख्या माणसाला गंमत वाटते. गावकऱ्याला त्या नंबरात आपले उठलेले घर दिसते.

गावे हलली तसे रस्तेही तुटले. पूर्वी नदी ओलांडली की पलीकडचे गाव यायचे. आता पलीकडचे दिवे दिसतात, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. त्यामुळे लोक वर्षानुवर्षे होडीने ये-जा करत. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर पुलाची मागणी अधिक जोराने पुढे आली. पण पूल होईपर्यंत आणि झाल्यावरही, वस्तीवरून शाळा, कॉलेज, बाजार गाठायचा म्हणजे काठाचाच रस्ता. तो रस्ता चारचाकीतून एक दिसतो आणि सायकलवरून वेगळाच दिसतो.

माझी आपा चिखलठाणच्या बाजूला वस्तीवर राहते. तिची मुलगी यंदा अकरावीला गेली, कॉलेज जेऊरला. येणाऱ्या गाडीची वेळ आणि तासांची वेळ जुळत नाही. भावाची जुनी सव्वीस इंची गिअरची सायकल घरात होती, ती तिच्या वाट्याला आली. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, जिला दुकानदार ‘माउंटन बाइक’ म्हणून विकतात ती. ईदी आणि आपाने बाजूला ठेवलेले पैसे मिळून तीन हजार रुपये जमले होते. भाचीचे म्हणणे, “मामू, पुढचा शॉकअप बदलून घेऊ. हा नुसता खडखड करतो.” आपाचे म्हणणे वेगळे होते. रोज पंक्चर निघणार असेल आणि पोरगी अंधारात रस्त्यावर अडकणार असेल, तर कॉलेजचे पुढे बघू. म्हणजे या तीन हजारांवर नुसती सायकल नव्हती, तिचे वर्ष अवलंबून होते. मी म्हटले, आधी रस्ता बघू, मग यादी करू. हिवाळ्यात दोन-तीन दिवस आम्ही मामा-भाचे काठाने फिरलो.

कंदर ते जेऊर : ऊस, केळी आणि चिखल

भीमानगरकडून वर आले की कंदर लागते. इथली केळी परदेशात जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा आणि मधूनमधून उसाचे फड. धरणाने एका पिढीचे घर घेतले आणि पुढच्या पिढीला पाणी दिले, हे दोन्ही इथे एका नजरेत दिसते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की फडातली काळी माती चाकांबरोबर डांबरावर येते. दव पडले की ती साबणासारखी निसरडी होते. संध्याकाळी तर पुढे चाललेल्या ट्रॉलीला मागे दिवाच नसतो.

या रस्त्याने आम्हाला पहिली गोष्ट शिकवली. सायकल पळते कशी यापेक्षा ती थांबते कशी हे आधी बघावे. रिमला घासणारे ब्रेक असतील तर रबरी गुटके तपासा. त्यांवरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर ते बदला. गुटका रिमलाच टेकला पाहिजे. टायरला घासला तर टायर फाटतो. केबल गंजली असेल तर आतली तार आणि बाहेरचे आवरण दोन्ही नवे टाका. नुसती तार बदलून जुन्या आवरणात घातली तर ब्रेक जडच राहतो. डिस्क ब्रेक बसवून घ्यावा असे अनेकांना वाटते. पण साध्या सायकलला ते करायचे म्हणजे चाकाचा हब बदला, चिमट्याला आणि फ्रेमला डिस्कची जागा आहे का ते बघा. ती बहुधा नसतेच. चांगले गुटके, नवी केबल आणि ‘आउट’ काढून सरळ केलेली रिम एवढ्यात आमचे काम झाले.

दुसरी गोष्ट दिव्याची. पुढे पांढरा, मागे लाल, आणि चाकांच्या तारांत रिफ्लेक्टर. आपल्याला रस्ता दिसावा म्हणून पुढचा दिवा. आपण इतरांना दिसावे म्हणून मागचा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मागचा आधी घ्या. दिसायला ही किरकोळ वस्तू, पण सगळ्या यादीत जीव वाचवणारी हीच.

चिखलठाण ते कुगाव : सराटे आणि वेडी बाभूळ

चिखलठाणकडून पाण्याच्या दिशेने उतरले की डांबर संपते, मुरूम लागतो, पुढे गाळपेर केलेली जमीन. पाणी जसे मागे सरते तशी लोक त्या ओलीवर पिके घेतात. समोर पाणी, वर घारी, दूरवर चिलापीसाठी जाळी टाकणाऱ्या होड्या. बघत राहावे अशी जागा. पण चाकाखालीही बघावे लागते. वेडी बाभूळ काठाने माजली आहे आणि पायवाटेवर सराटे पसरलेले असतात. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहते.

म्हणून सर्वांत जास्त पैसे आम्ही टायर-ट्यूबवर घालायचे ठरवले. जुन्या टायरला बाजूने बारीक चिरा गेल्या होत्या. असा टायर कितीही पंक्चर काढा, दगा देणारच. टायर निवडताना दुकानात सर्वांत मोठ्या गोट्यांचा टायर समोर ठेवतात. तो चिखलासाठी. ज्याचा रस्ता तीन हिस्से डांबर आणि एक हिस्सा मुरूम आहे त्याने मधोमध जवळजवळ सलग पट्टी आणि कडेला गोट्या असलेला टायर घ्यावा. डांबरावर घरघर कमी होते, पाय कमी दुखतात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती सराट्यासाठी उत्तम. ट्यूबमध्ये भरायचे पंक्चररोधक द्रवही मिळते. ते मोटारसायकलसारखा व्हॉल्व असलेल्या आणि आतली पिन निघणाऱ्या ट्यूबमध्येच सोयीने भरता येते.

आता फुकटातली सुधारणा. हवा. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. पुष्कळ जण ‘टाइट’ म्हणून कमालपर्यंत भरतात. मग मुरमावर सायकल उड्या मारते आणि दोष शॉकअपला लागतो. भाचीच्या टायरवर 35 ते 65 पीएसआय लिहिले होते. तिचे वजन बेताचे. आम्ही 40 ठेवले आणि निम्मी खडखड तिथेच गेली.

राहिला शॉकअप. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. ती दबते आणि उसळते. उसळी आवरणारी यंत्रणा तिच्यात नसते. त्याच किमतीतला दुसरा घेतला तरी तेच. खरोखर चांगला घ्यायचा तर त्याला सायकलच्या निम्म्याहून अधिक पैसे लागतात, आणि तो हँडलच्या नळीत बसेल याची खात्री नाही. जुन्या चुडीच्या आणि नव्या बिनचुडीच्या नळ्यांची मापे वेगळी असतात. भाचीला हे दुकानात सांगून पटले नसते. हवा कमी करून कुगावची उतरण उतरल्यावर पटले.

वाशिंबे, केत्तूर : वारा आणि चेन

वाशिंबे, पारेवाडी, जिंती या भागात रेल्वे सोबतीला असते. पाण्यावरून वारा येतो आणि तो नेमका समोरून येतो असे सायकलवाल्याला नेहमी वाटते. इथे गिअरची खरी परीक्षा होते. गिअर घसरत असतील तर नवे महाग गिअर घेण्याआधी चेन मोजा. लोखंडी पट्टी चेनवर धरा. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवले तर नव्या चेनमध्ये 12 इंचांवर बरोबर पिनेचाच मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे सरकलेला दिसला तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश सरकला असेल तर चेनने मागची दातेरी चक्रेही खाल्ली आहेत, तीही बदलावी लागतील. वेळेवर बदललेली चेन फ्रीव्हीलचे पैसे वाचवते.

सीटची उंची हीसुद्धा बिनपैशाची दुरुस्ती. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मात्र सीटची नळी तिच्यावरच्या खुणेपेक्षा वर काढू नये. पायडल प्लॅस्टिकचे फुटके असतील तर धातूचे घ्या. घरी बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलची चुडी उलटी असते. गाळातून फिरून आल्यावर जोराच्या पाइपने सायकल धुऊ नका. पाणी हबमधल्या छऱ्र्यांपर्यंत गेले की ग्रीस संपते. ओल्या फडक्याने पुसा, चेनला दोन थेंब तेल द्या, जास्तीचे पुसून टाका.

हिशेब

आमचे पैसे असे गेले : दोन टायर, दोन ट्यूब आणि आतल्या पट्ट्या 1,400, गुटके व केबल 350, चेन 300, दिवे व रिफ्लेक्टर 350, पायडल 250, रिमचा आउट आणि हबचे ग्रीस-छर्रे यांची मजुरी 300. एकूण 2,950 रुपये. दुकानागणिक थोडा फरक पडेल, क्रम मात्र हाच ठेवावा : आधी थांबणे आणि दिसणे, मग चाक, मग चेन, मग आराम, आणि शोभा सगळ्यांत शेवटी. आणखी एक साधा नियम. जो भाग झिजला तोच बदलताना थोडा बरा घ्यावा. चालता भाग काढून नवा बसवू नये. आणि बदलांचा एकूण खर्च सायकलच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर थांबून चांगल्या स्थितीतली जुनी सायकल शोधावी. पुढचे पैसे साठले की भाचीच्या यादीत हेल्मेट पहिले आहे.

जिंतीच्या पुढे कोंढार चिंचोली आणि मग डिकसळचा इंग्रजांच्या काळातला जुना पूल. जड वाहनांना तो बंद करावा लागला. पलीकडे भिगवणची बाजू. हिवाळ्यात इथे आणि कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. दूरवर गुलाबी रेघ ओढल्यासारखे थवे. त्यांना बघायला मोठ्या शहरांतून गाड्या भरून माणसे येतात. काठावरच्या मुलांना मात्र ते कॉलेजच्या वाटेवर दिसतात. सायकलचा एक गुण मोठा आहे : ती आवाज करत नाही, म्हणून पक्षी उडत नाहीत. नीट तेल दिलेली चेन असेल तर.