भिंतीलाही श्वास हवा

बेळगावहून महामार्गाने उत्तरेला निघाले की आधी काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्माचे हे माहेर. पुढे हत्तरगी, संकेश्वर, आणि तवंदीचा घाट उतरला की निपाणी. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, पण आपल्या भागातल्या भिंतींचे किती प्रकार! बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे, जांभ्या दगडाची लाल भिंत. निपाणीकडे काळ्या दगडाचे जोते आणि वर पांढऱ्या मातीची रुंद भिंत. घरात मराठी बोलत असोत की कन्नड, जुन्या घरांचा साज एकच: आत चुन्याची सफेदी आणि खाली गेरूचा पट्टा. कन्नड घरांतला 'केम्मण्णु' म्हणजे आपली हीच लाल माती.

अलीकडे मात्र या भिंतींना कागदाचा सोस लागला आहे. गेल्या उन्हाळ्यात निपाणीला मावशीकडे गेले, तेव्हा त्याचा परिणाम जवळून पाहिला. घर तंबाखूच्या पेठेजवळचे, जुने. सोपा, माजघर, मागे परस. भिंत दीड हात रुंद. दादाने काही वर्षांपूर्वी माजघराला विटांची नक्षी उठवलेला प्लास्टिकचा वॉलपेपर लावून घेतला होता. लांबून झकास दिसे. जवळ गेले की कुबट वास येई, आणि हाताने दाबले की कागदामागून काहीतरी भुरभुर खाली पडे. एका ठेकेदाराने पाहून सांगितले, "भिंत कुजली. पाडा आणि कॉलम उभे करा." माजघर पाडायचे म्हणजे ऐंशी पार केलेल्या मावशीने आपली खोली सोडून जायचे. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

वहिनींचे माहेर संकेश्वरचे. त्यांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून घेतले. (कन्नडात 'गौंडी', धंदा एक, शब्दही एकच.) त्याने भिंतीवर ठिकठिकाणी बोटाने टकटक केली, एका कोपऱ्यातला कागद सोलला, आतली माती चिमटीत घेऊन चुरली आणि म्हणाला, "गोडिगू उसिर बेक्री." भिंतीलाही श्वास हवा! मावशीला हे मराठीत सांगावे लागले नाही.

कागद निघाला तसे घराचे वयच समोर आले. वर प्लास्टिक, त्याखाली पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, मग आकाशी डिस्टेंपर, मग नीळ घातलेल्या चुन्याचे कितीतरी पापुद्रे, आणि शेवटी माती. चुन्यापर्यंत सगळे ठीक होते. बिघाड वरच्या थरांनी केला होता.

कारण सोपे आहे. मातीची भिंत जमिनीतली आणि हवेतली ओल थोडी आत घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. चुना तिला अडवत नाही. ऑइलपेंट, सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा कागद मात्र बाहेरची वाट बंद करतात. मग ओल आतच राहते, पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. आपल्याला वाटते भिंत कुजली. खरे तर ती कोंडलेली असते.

गवंड्याने कागदाआधी पाण्याचा माग काढला. वरची दोन कौले फुटलेली होती. शिवाय परसात काँक्रीट घालताना जमीन जोत्याच्या वर आली होती, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी थेट मातीच्या भिंतीला लागत होते. कौले बदलली, भिंतीलगतचे काँक्रीट फोडून पन्हळ काढली. हे केल्याशिवाय आतून काहीही लावले तरी पुढच्या पावसात पुन्हा तेच.

ज्यांच्या घरी असे काम निघाले असेल, त्यांच्यासाठी पुढचा क्रम सांगते. कागदाचा वरचा प्लास्टिकचा थर आधी कोरडाच ओढून काढावा. मागे राहिलेला कागद कोमट पाण्याच्या स्पंजने भिजवून पट्टीने सोलावा. मातीच्या भिंतीवर पाणी ओतू नये. खळ पुसून काढावी. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क बांधावा, आणि लहान मुले व गरोदर बाई त्या खोलीत नसावी.

मग भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी. मावशीकडे सारा एप्रिल गेला. खड्डे माती आणि भुश्शाने भरले, वरून एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा, आणि शेवटी सफेदी. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, त्यामुळे डोळे जपावेत. विझवून मुरलेला चुना ताकासारखा पातळ करून, भिंत आधी जरा ओलसर करून, तीन हात द्यावेत. एका दिवसात एकच हात. ओला असताना तो जवळजवळ दिसत नाही. वाळला की पांढरा फुटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो, म्हणून टिकतो. ऑइलपेंट राहिलेल्या जागी मात्र तो धरत नाही.

फ्लॅटमधल्या सिमेंटच्या कोरड्या, आतल्या भिंतीवर कागद खुशाल लावावा. पावसाचा मारा बसणारी भिंत तेवढी सोडावी. आणि जुन्या घरात नक्षी हवीच असेल तर आपल्या शेजारच्या कोकण-गोव्यातली कावी कला आहे: लाल आणि पांढरा असे चुन्याचे दोन थर, वरचा ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालच्या रंगात उमटवलेल्या वेली आणि पक्षी. तिथल्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर ती आजही दिसते. ही नक्षी भिंतीवर डकवलेली नसते, भिंतीतच असते.

दिवाळीआधी वहिनींचा फोन आला. पाऊस सरला होता. खालच्या बाजूला हातभर ओलीचा डाग अजून आहे, पण पोपडा एकही नाही आणि वास गेला. ठेकेदाराला त्यांनी कधीच 'नको' म्हणून कळवले आहे. मावशी माजघरातच झोपते. आता दरवर्षी सणाआधी एक हात चुना द्यायचा, असे ठरले आहे. कन्नडात याला 'सुण्ण-बण्ण' म्हणतात, आपण रंगरंगोटी म्हणतो. आपल्या आजी-पणजी हेच दरवर्षी करत होत्या. तुमच्याही घरी जुनी भिंत पाडायची भाषा निघाली, तर आधी एक कोपरा सोलून ती कशाची आहे ते बघा, आणि पाणी कुठून येते ते शोधा. निर्णय त्यानंतर घ्या.